शेवटच्या रात्री, डेक आठवर

कोमांग, आज शेवटची रात्र.
अकरापर्यंत सगळ्या बॅगा दाराबाहेर येतील,
गळ्यात रंगीत चिठ्ठ्या अडकवून
सहलीला निघालेल्या पोरांसारख्या.
तू बॅगा मोजू नकोस, दारं मोज.
अठरा तुझी, अठरा माझी,
आणि उद्या बाराच्या आत
या बिछान्यांवर कधी कोणी झोपलंच नव्हतं
असं दिसलं पाहिजे.

पाकीट कोणी हातात दिलं
तर पाकिटाकडे बघायचं नाही.
चेहऱ्याकडे बघ.
अंगठ्यानं चाचपायचं नाही,
खिशात कोंबायचं नाही,
गरम कप जेवढा वेळ धरवतो
तेवढाच वेळ धरायचं.
नाव घेऊन आभार मान. मिस्टर प्रुइट. मिसेस प्रुइट.
सात दिवस त्यांचे ओले मोजे उचललेस,
आडनाव तरी नीट उच्चार.

खाली पाचव्या डेकवर आता रांग लागली असेल,
बिलात रोज आपोआप कापले जाणारे डॉलर
काढून टाका म्हणणाऱ्यांची.
'आम्ही थेट माणसाच्या हातात देतो,' असं सांगतात.
काही जण देतातही.
उरलेले सकाळी लिफ्टमध्ये भेटतात
आणि मजल्यांचे आकडे
फार लक्ष देऊन वाचतात.
तू गुड मॉर्निंग म्हण.
हिशेब डोक्यात ठेवलास
तर नवव्या महिन्यात कॉन्ट्रॅक्टच्या आधी
तूच संपशील.

मागच्या वर्षी आठ-दोन-चौदामध्ये एक बाई होती,
तुरिद एंगेलांड,
नॉर्वेच्या कुठल्याशा बेटावरची, सत्तरी उलटलेली, एकटी.
मी पोचायच्या आत तिचा बिछाना आवरलेला.
टॉवेलची चौघडी. बेसिनसुद्धा पुसलेलं.
मी रात्री टॉवेलचा हत्ती करून ठेवायचो,
सकाळी ती त्याची घडी घालून परत द्यायची,
कोणाचं तरी विसरलेलं सामान असावं तशी.
मला धास्ती, सुपरवायझर म्हणेल
रोडेलिओ मग करतो काय?
म्हणून तिनं केलेला बिछाना मी मोडायचो
आणि पुन्हा करायचो.

स्कॅगवेला तिनं मला पकडलं.
टोपी विसरली म्हणून परत आली होती.
मी चादर उपसून उभा,
ती दारात, कानापर्यंत लाल.
खिडकीत बर्फाचे डोंगर, बघायला कोणी नाही.
मग तिनं चादरीचं दुसरं टोक धरलं.
कोपरे मी दुमडले. उशी तिनं झटकली.
बोललो नाही काहीच.
टोपी घेऊन गेली.

शेवटच्या सकाळी उशीवर चिठ्ठी.
'किती द्यायचं मला कळत नाही.
आमच्याकडे ही पद्धत नाही.
जेवणाच्या टेबलावर विचारलं, तर चौघांनी चार आकडे सांगितले.
तुम्हाला मी नीट कामही करू दिलं नाही.
पर्समध्ये होतं ते ठेवते आहे.'

पाच क्रोनरची चार नाणी,
प्रत्येकाच्या मधोमध भोक.

हसू नकोस. मीही हसलो होतो.
जहाजावर नाणी बदलून मिळत नाहीत.
इलोइलोच्या बँकेतल्या पोरीनं
भोकातून माझ्याकडे बघितलं
आणि काचेखालून परत सरकवली.
तीन माझ्या लेकीकडे आहेत,
कधी सापडतात, कधी नाही.

चौथं तुझ्या उशाशी आहे.
वरच्या बंकवरचा तो दिवा
इंजिनाबरोबर रात्रभर खडखडायचा.
तुझ्या आधीचा पोरगा कानात कापूस घालून झोपे.
वॉशर मागून मागून थकलो,
स्टोअरवाला म्हणे, पुढच्या बंदरात.
आज झोपताना बघ स्क्रूखाली.
कसं घट्ट बसलंय.

चल,
आठ-दोन-सहाचं दार उघडलं.
म्हातारा आहे, पाकीट पाठीमागे लपवलंय,
द्यायलाही लाजतोय बिचारा.
तू हो पुढे.
हात नंतर. आधी चेहरा.