अकरा-सात-वीस

डलूथला सरोवर गोठलंय.
व्हर्ना हेडलुंड दोन-दोन मोजे घालून
तळघरातल्या टेबलाशी बसते
आणि लोकांचे पाय तिच्या पडद्यावर येतात.
फक्त पाय. चेहरे दवाखान्यातच राहतात.

भोवरी एक असेल तर अकरा-शून्य-पंचावन्न.
दोन ते चार, छप्पन्न.
पुढे कितीही असोत, सत्तावन्न;
बारा भोवऱ्यांवर चालणाऱ्याच्या
पाचवीनंतर कुणी मोजत नाही.
नखांना पाचापर्यंत एक आकडा, सहापासून दुसरा.

आर्वो निएमेला तिला चांगला माहीत आहे.
म्हणजे त्याचे पाय. लोहखनिजाच्या बोटींवर
चाळीस वर्षं पोलादी बुटांत कोंबलेले.
डाव्या करंगळीवरचं कुरूप तासलं
की दोन महिन्यांत पुन्हा हजर,
घरजावयासारखं.
साखर. घोट्यापाशी नाडी लागत नाही: क्यू-आठ.
नखं दहा: अकरा-सात-एकवीस.
दर नऊ आठवड्यांनी तेच.
ती न बघता टाइप करायची.

काल मशीन अडलं.
मागच्या वेळी सहा किंवा जास्त. या वेळी पाच. चूक आहे का?
तिनं फोन लावला.
"चूक नाही गं," नर्स म्हणाली,
"नोव्हेंबरात उजवा पंजा पुढून काढला. पाचच उरली."
मागे कुणाचं तरी पोर रडत होतं.
व्हर्नानं एकवीसचं वीस केलं.
क्यू-आठचं क्यू-सात.
बिलही थोडं उतरलं.

मग डॉक्टरांची शेवटची ओळ:
रुग्ण म्हणतो, उजवा अंगठा खाजतो.
दुखत नाही, नुसता खाजतो.
रात्री उठतो, हात खाली नेतो,
चादर खाजवतो
आणि परत झोपतो.

याला कसला आलाय आकडा, तिला वाटलं.
तरी जाडजूड पुस्तक काढलं,
बोटावर थुंकी लावत मज्जातंतूंपर्यंत गेली.
होता. जी-चोपन्न-पॉइंट-सात.
नसलेला अवयव, वेदनेशिवाय.
म्हणजे आधीही माणसांनी
अंधारात चादरी खाजवल्या असणार,
इतक्या जणांनी,
की कुणाला तरी नोंद करावी लागली.

तिनं तो टाकला. त्याचे वेगळे पैसे मिळत नाहीत.
टेबलाखाली, दोन मोज्यांच्या आत,
आपला उजवा अंगठा हलवून पाहिला.

पुढची फाइल:
सात वर्षांची मुलगी, टाचेत काच.
हीच रडत होती तर.