बदली कोण?

जानेवारीत नंदुरबारच्या हवेला मिरचीचा काटा असतो.
पथारीवर वाळणारी लाली वाऱ्यावर चढते,
आणि पुण्याहून आलेले दोन्ही परीक्षक
पहिल्या उमेदवारापासून खोकतायत.
आम्ही इथले. आमचे घसे रापलेले.

टेबलावर सत्तावीस अर्ज. जागा तीन.
आरोग्य व्यवस्थापनाची शिष्यवृत्ती,
‘ज्या समाजांतून आजवर कुणी
त्या खुर्चीत बसलं नाही, त्यांच्यासाठी.’
हे वाक्य माझं. मसुद्यात मीच भांडून घातलं.

अकरा वर्षांपूर्वी ते नव्हतं,
म्हणून मला आधी समजावून सांगावं लागलं
तडवी म्हणजे कोण,
नाव हलीमा आणि जमात भिल्ल
हे एकाच दाखल्यावर कसं.
माझी वीस मिनिटं त्यातच गेली.
नेतृत्वाचं कुणी विचारलंच नाही.
तरी निवड झाली. का, ते अजून कळलेलं नाही.

चौथी आली सुरमी पावरा.
धडगावकडची, नवजात कक्षाची इन्चार्ज.
चपला काढू की नको म्हणून दारात थबकली,
मग घालूनच आत आली.
मला बरं वाटलं.

‘तुमचं व्हिजन सांगा,’ सर म्हणाले.
ती म्हणाली, वॉर्मर बारा आहेत, चालतात नऊ.
लाइट गेली की जनरेटर यायला चाळीस सेकंद.
त्या चाळीस सेकंदांत कुणी कुठं उभं राहायचं
ते भिंतीवर लावलंय.
पावरीत, भिलोरीत, अहिराणीत.
‘मराठीत नाही?’
मराठी वाचणारे रात्री कक्षात नसतात, सर.
सफाईची ताई असते.

सरांनी वहीत काहीतरी लिहिलं. खोकले.

मग मी माझा ठेवणीतला प्रश्न काढला,
पाच वर्षांनी स्वतःला कुठे बघता.
ती म्हणाली, मॅडम, मी एक विचारू?
वर्षभर मी मुंबईला शिकणार.
फी तुमची, वसतिगृह तुमचं, लॅपटॉपही,
जाहिरातीत आहे सगळं.
माझ्या जागेवर कोण?

तक्रार नव्हती ती. ड्यूटी सोपवताना बोलतात
तसं बोलत होती:
पोस्ट कागदावर भरते,
माणूस शहाद्याच्या पुढं घाट चढत नाही.
मागं मी नऊ दिवस रजेवर होते.
परत आल्यावर रजिस्टर उघडलं

आणि तिथंच थांबली.
कुणी ‘मग?’ म्हटलं नाही.

मला यावलची लेबर रूम आठवली.
मी शिकायला गेले तेव्हा माझ्या पाळ्या
निर्मला कोळीनं ओढल्या, चौदा महिने.
पदवी घेऊन आले, पेढे वाटले.
पाय सुजलेले तिचे, स्टुलावर ठेवलेले.
साखर होती तिला. तरी पेढा घेतला,
अख्खा खाल्ला माझ्यासमोर.
व्यासपीठांवर मी माझी गोष्ट शंभरदा सांगितली असेल.
हा पेढा तिच्यात कधी आला नाही.

‘बदलीचा खर्च आपल्या कक्षेत बसत नाही,’
दुसरे परीक्षक हळूच म्हणाले. खरंच आहे.
गुणपत्रिकेवर रकाने छापलेले:
संवादकौशल्य, दूरदृष्टी, संघभावना.
मी शेजारी आणखी एक आखला.
पट्टी नव्हती, रेघ वाकडी गेली.
वर लिहिलं, जागेवर कोण.
खाली सत्तावीस कोरी घरं.
ती आता मलाच भरायची आहेत,
आणि त्यासाठी कुठल्या दारात उभं राहायचं
ते मला त्या महागड्या वर्षात कुणी शिकवलं नव्हतं.

शिपाई डोकावला. ‘मॅडम, जेवाले चला,
भाकर गार व्हई ऱ्हायनी.’
उठताना मला ठसका लागला.
अकरा वर्षांत पहिल्यांदा. मिरचीच असावी.

सुरमी तोवर निघून गेली होती.
दीडची एसटी मिळाली तर
ती रात्रपाळीला वेळेत पोचते.