डावी बाजू उजवीवर

पालशेतला तो माल उतरला नाही, आला.
कुठल्याशा जहाजावरून वादळात पेटी सुटली,
खडकावर फुटली, आणि पहाटेच्या भरतीनं
किनाराभर कोट मांडून ठेवले,
पालथे, हात पसरलेले.
खारव्यांच्या पोरांना आधी माणसंच वाटली.

समुद्रानं टाकलेला मालही आयातच धरावा
असं कायदा म्हणतो. म्हणून मी,
रत्नागिरीहून जीपनं, भिंग, मोजपट्टी
आणि दरपत्रकाचं जाडं पुस्तक घेऊन.
मागे हवालदार शिरधनकर. त्याला घाटीत गाडी लागते.

आधी कापड.
सुयांवर विणलेलं असेल तर प्रकरण एकसष्ट,
मागावर विणलेलं असेल तर बासष्ट.
पुस्तक ज्या भाषेत आहे तिथे याला दोन शब्द,
आपल्याकडे एकच. विणणं.
मी भिंगातून उभे-आडवे धागे मोजत होतो
आणि चार हातांवर इकबाल होडेकर
फाटकं जाळं विणत बसला होता.
"आमचं कितव्यात, सायब?"
छप्पन्न, म्हटलं.
तो उगाचच खूश झाला.

मग प्रकार.
इतर सगळ्या कपड्यांवरून,
हवेपासून बचावासाठी घालायचं ते बाह्यवस्त्र.
कुठली हवा?
अश्विनातली दुपार, वाळू चटके देतेय,
इतर सगळे कपडे म्हणजे इथे एक अर्धी चड्डी.
एका वाडीत मात्र बुजगावण्यानं घातला होता,
कॉलर वर करून, ऐटीत.
तोही उतरवून घेतला.
बुजगावण्याची सही लागत नाही.

सहाशे बेचाळीस.
पाणी प्यालेला एकेक कोट
मूल उचलावं तसा उचलावा लागत होता.

शेवटी, कुणाचा?
यावर पुस्तक फार स्पष्ट आहे.
डावी बाजू उजवीवर येत असेल तर पुरुषाचा.
उजवी डावीवर, तर स्त्रीचा.
काहीच कळत नसेल तरी स्त्रीचा.
हे वाक्य मी नोकरीत शेकडो वेळा वाचलंय.
त्या दिवशी पहिल्यांदा ऐकू आलं.

सहाशे त्रेचाळिसावा बर्फाच्या कारखान्यात होता,
द्वारका वासावेच्या अंगावर.
अख्ख्या पालशेतात थंडी तेवढ्या एका खोलीत.
ती लाद्या फोडत होती, टोच्या डाव्या हातात,
बाहीवर बर्फाचा भुगा, गळ्यापर्यंत बटणं लावलेली.
मी म्हटलं, बाई, हा पुरुषांचा कोट आहे.
म्हणाली, "म्हंजे आठ दिस मी पुरुष व्हते काय?
मग मजुरी कमी कशी दिली ह्यानं?"
कारखान्याचा मालक बाहेर बघायला लागला.

मी पुढे झालो, पट्टी तपासली.
उजवी बाजू डावीवर होती.
जुनी काजं जाळ्याच्या दोऱ्यानं बुजवलेली,
नवी दुसऱ्या अंगाला पाडलेली,
वेडीवाकडी, पण घट्ट.
"डावरी हाय मी," ती म्हणाली,
"उलटं लागत व्हतं. सुलटं केलं."

कापावरूनच उघड दिसत असेल
तर बटणांकडे बघू नये,
असंही पुस्तकात आहे, त्याच टिपेत, खालच्या ओळीत.
मी पान उलटलं.

पंचनामा होता पुरुषांच्या कोटांचा.
सहाशे बेचाळीस नग, लिहिलं,
ओले, मीठ धरलेले, मागावर विणलेले.
पंचांनी सह्या केल्या, इकबालनं अंगठा.
शिरधनकरनं एकदा माझ्याकडे पाहिलं
आणि लाखेची कांडी पेटवली.

परतताना तो पुढे बसला, खिडकी उघडी ठेवून.
हेदवीच्या उतारावर म्हणाला,
साहेब, दोन्हींचा दर सारखाच आहे ना?
सारखाच आहे, म्हटलं.
मग त्याला उलटी आली, आम्ही थांबलो.