घर्षण शून्य माना

सेंट जॉन्सच्या बंदरावर धुकं बसलंय
आणि ऊना पार्डी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी
न्यूटनचा पहिला नियम साफ करतेय,
कॉड माशाचे कल्ले काढावेत तसा.

एकशे चाळीस अक्षरं.
रिकाम्या जागाही मोजायच्या,
स्वल्पविराम म्हणजे चैन.
'एखादी वस्तू'मधली 'एखादी' गेली.
'असंतुलित'वर बोट अडकलं:
काढलं तर नियम खोटा,
ठेवलं तर सहा अक्षरं जास्त.
थोडक्यात गोडी, फारात लबाडी, असं म्हणायला ठीक;
विज्ञानात लबाडी बहुधा
थोडक्यातच दडून बसते.

तिच्या वर्गाला भिंती नाहीत.
वॉबुशच्या लोखंडखाणीत डर्म कीफ
रात्रपाळीला डंपर चालवतो,
तो भरेपर्यंतच्या चार मिनिटांत लिहितो:
"भरलेला ट्रक थांबायला रस्ता लांब लागतो, रिकामा पटकन थांबतो.
हाच का तुमचा संवेग?
मग मी याला सात वर्षं ओळखतो."

सायलस कोळंबीच्या बोटीवर.
त्याचे निरोप सिग्नल मिळेल तसे येतात,
उत्तर मंगळवारी पोचतं,
त्याचा प्रश्न गुरुवारी.
ऊना दोन्ही शेजारी ठेवते
आणि काळाच्या दिशेबद्दलचा धडा
पुढच्या आठवड्यावर ढकलते.

आणि नेनहून ताबेआ मेर्कुरात्सुक.
फी भरलेली, नाव यादीत,
नावापुढे चेहऱ्याच्या जागी राखाडी गोल.
दहा आठवडे एक अक्षर नाही.

फेब्रुवारीत ऊनाने लिहिलं:
"बर्फावर स्लेज. भार २०० किलो. घर्षण शून्य माना.
एकसारख्या वेगाने ओढायला बल किती?"
स्वतःवरच खूश झाली.
चाळीसेक अक्षरं शिल्लक होती.

अकरा मिनिटांनी राखाडी गोल बोलला:
"तुम्ही कधी स्लेज ओढलीये?"

मग लगेच:
"उणे तीसला बर्फ वाळू होतो. कुत्री बसकण मारतात."

मग बराच वेळ काही नाही.
केटल शिट्टी वाजवून गप्प झाली.

"माझा मामा तोंडात कोमट पाणी धरतो,
स्लेजच्या पट्ट्यांवर फुंकतो,
अस्वलाच्या कातड्याने पुसतो.
काचेसारखा थर धरतो. मग घसरते.
शून्य मानता येत नाही, मॅडम.
करावं लागतं.
आणि दगड लागला की परत करावं लागतं."

ऊनाने खिडकीबाहेर पाहिलं.
एकावन्न वर्षं बर्फातच गेली तिची,
पण तो बर्फ म्हणजे
दारातून फावड्याने बाजूला सारायची कटकट.
उदाहरणातला बर्फ तिला एका पाठ्यपुस्तकाने दिला होता,
त्या पुस्तकाला आणखी कुठल्यातरी पुस्तकाने.
बोलाचीच कढी, बोलाचाच भात,
आणि ती मन लावून वाढत होती.

पोस्ट पुसायला बोट गेलं.
पुसली नाही.
खाली लिहिलं, "चुकलं,"
थोडं थांबून, "मामाकडे मासे तोलायचा काटा आहे?"

डर्मने विचारलं, पाणी कोमटच का.
कुणी म्हणालं, गार पाणी तोंडात धरून बघ उणे तीसला.
कुणी गुणांचं विचारलं.
त्याला कुणी उत्तर दिलं नाही.

रविवारी सकाळी,
नेनचं घड्याळ इथल्यापेक्षा अर्धा तास मागे,
राखाडी गोलाच्या जागी
दोरीला अडकवलेल्या काट्याचा फोटो होता,
आकड्यावर हातमोज्याची सावली.

"पाण्याआधी एक्केचाळीस.
पाण्यानंतर नऊ.
शून्य नाही आलं. तीनदा बघितलं.
मामा विचारतोय, उरलेले नऊ कुठून आले?"

ऊनाने उत्तर लिहायला घेतलं.
एकशे चाळीस संपली, ती पुसली,
परत लिहिली, परत संपली.
तेवढ्यात समुद्रावरून सायलसचा निरोप आला,
कशाला उद्देशून कोण जाणे, एकच शब्द:
"हो."