नमुना क्रमांक सात

दिवे गेले तेव्हा हेलियमचा काटा
शेवटच्या रेघेला टेकला होता.
खाली जनरेटर खोकत सुरू झाला
आणि मी खिडकी लावून घेतली.
डिझेलचा धूर नमुन्यात शिरला
तर खाडीच्या नावावर शहराचं पाप लागेल.

पोर्ट हारकोर्टच्या या दुसऱ्या मजल्यावर
माझ्या आईचा चिखल आहे.
बावीस बाटल्या, प्रत्येकीवर माझ्या अक्षरात
खोली, तारीख, ओहोटीची वेळ.
कुठे खणायचं ते तिनेच दाखवलं.
"इथे शंख मिळायचे. टोपलीभर, एका ओहोटीत."
मेलेल्या तिवरांच्या मुळांमध्ये खड्डा पाण्याने भरला,
आणि पाण्यावर तो रंग चढला,
कबुतराच्या मानेचा.

ताजं तेल यंत्रातून गेलं की
पडद्यावर फणी उमटते.
दात सरळ, एकाशेजारी एक.
मग जंतू जेवायला बसतात.
सरळ साखळ्या आधी, मऊ भातासारख्या;
फांद्या फुटलेलं प्रिस्टेन, फायटेन
ताटाच्या कडेला काढून ठेवतात, काट्यांसारखं.
वर्षं जातात. दात पडत जातात.
उरतो नुसता एक उंचवटा,
ज्यातलं कोणीच वेगळं ओळखू येत नाही.

आणि होपेन.
कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या कुठल्याशा जंतूच्या कातडीचा सांगाडा.
त्याला सहसा कोणी तोंड लावत नाही.
म्हणून त्याच्यावरून मोजायचं:
जो जात नाही, तो सांगतो बाकीचे किती गेले.
(आमच्या घरी हे काम आई करते.
कोण खोकल्याने, कोण दारूने, कोण लागोसला;
मोजदाद तिच्याकडे.)

वरचे पाच सेंटिमीटर: दोन-तृतीयांश गेलं.
चाळीस सेंटिमीटर खाली: जवळपास काहीच नाही.
तिथे हवा पोचत नाही.
अकरा वर्षांपूर्वीची ती मध्यरात्र
खाली तशीच बसून आहे, कपडेही न बदलता.

फोनवर आई विचारते, "खाल्लं का त्यांनी?"
जंतूंची चौकशी ती पाहुण्यांसारखी करते.
"वरचं खाल्लं."
"आणि खालचं?"
"उकरून वारा द्यावा लागेल."
"मग उकरते की मी."
वय अडुसष्ट.

मग सात नंबर.
वळणावरचा, जिथे लेबारीची होडी बांधलेली असते.
फणी नाही. उंचवटा आहे, पण जुना नाही.
हलके दात उडालेले, खाल्लेले नाहीत,
आणि मागे ओळीने उभी जळिताची खूण,
जी फक्त ज्वाळेतून येते.
हे तेल सांडलेलं नाही. शिजवलेलं आहे.
होपेनचं गुणोत्तर तीनदा काढलं.
विहीर तीच. हात वेगळा.

लेबारी माझ्या पाठचा.
गेल्या नाताळात त्याने आईला फ्रीज आणला,
आणि त्याला भुवया नव्हत्या.
आम्ही कोणी काही विचारलं नाही.
आई एवढंच म्हणाली, येतात भुवया परत.

कंपनीचा वकील हाच आलेख कोर्टात वर धरेल.
बाकीच्या एकवीस बाटल्या
या एकीच्या सावलीत जातील.
बूच उघडं राहिलं तरी पुरे:
संध्याकाळपर्यंत द्रावक उडून जाईल,
आणि माणसाकडून बूच उघडं राहू शकतं.

मी पायरेषा पुन्हा ओढली.
कोरा नमुना चालवून पाहिला;
वाटत होतं, माझ्याच हाताला काही लागलं असेल.
कोरा नमुना कोराच होता.

रकाना भरला:
सात. उष्णता दिलेलं तेल. वय सहा महिन्यांच्या आत.
अक्षर नेहमीपेक्षा बारीक आलं.

मग लेबारीला फोन लावला.
वाजत राहिला.
खाली जनरेटरचं डिझेल संपलं,
आणि अंधारात यंत्र गार होताना
टिक टिक करत राहिलं.

आईला अजून सांगितलेलं नाही.
उद्याची ओहोटी सव्वासहाला आहे,
आणि शेजाऱ्याचं फावडं
तिने आजच मागून आणलं आहे.