सव्वा इंच

त्या घराला अजून भिंती नव्हत्या.
नुसता लाकडाचा सांगाडा.
या खोलीतून त्या खोलीत आरपार चालत जाता येई,
आणि सुपीरियर सरोवरावरचा वारा
दिवसभर तेच करत होता.

व्हेल्मा कांगासने हातमोज्यांची बोटं कापून टाकलेली.
"तार बोटांना कळली पाहिजे," म्हणाली.
मी एकोणीस वर्षांचा, कामाचा तिसरा आठवडा,
मिशीच्या जागी बर्फ.

आधी तिने शिकवलं, हात न लावणं.
खटका पाडायचा, त्याला कुलूप,
किल्ली आपल्याच खिशात.
टेस्टर आधी चालू जागी लावून बघायचा,
खोटं बोलत नाही ना तो?
मग आपल्या तारेला. मग पुन्हा चालू जागी.
"मेलेली समजतात ना,
तीच तार माणूस मारते."

मग डबे. खांबाला ठोकायचे,
पण अर्धा इंच पुढे काढून,
कारण उद्या तिथे जिप्समचा पत्रा चढणार.
"जी भिंत अजून नाही, तिच्या मापाने काम कर, पोरा."

पांढरी केबल दिव्यांना, पंधराच्या खटक्यावर.
पिवळी, जाड, स्वयंपाकघराला, वीसच्या.
वीसवर पांढरी जोडलीस तर
तार तापत राहील
आणि खटका झोपलेला.

डब्यापासून आठ इंचांच्या आत पहिला स्टेपल.
मनगटावर घड्याळ बांधतो तेवढाच घट्ट.
डब्यातून वीतभर तार बाहेर सोडायची;
इथे चिक्कूपणा केला
की पुढचा कारागीर आपल्या सात पिढ्या काढतो.
आणि ती उघडी तांब्याची,
जिच्यातून एरवी काहीच वाहत नाही,
ती प्रत्येक डब्यात जोडायची, एकही न गाळता.
"ती एका दिवसासाठी असते," व्हेल्मा म्हणाली,
आणि लाकडाला हात लावला.

खांबाला भोक मधोमध पाडायचं.
कडेपासून सव्वा इंच लाकूड शिल्लक हवं.
बाहेरून येणारा खिळा आंधळा असतो.

पॅसेजमध्ये माझं ड्रिल घसरलं.
मोजलं. पाऊण इंच.
व्हेल्मा पलीकडे, जिन्याखाली, रेडिओशी भांडत होती.
अर्ध्या इंचासाठी कोण वाकून बघणार?
दहा दिवसांत सगळं झाकलं जाईल.
मी केबल ओवली आणि पुढच्या खांबाकडे गेलो,
जरा घाईनेच.

संध्याकाळी ती ओळीने सगळे खांब बघत आली.
टेप काढलाच नाही. भोक आणि कड यांच्यामध्ये
नुसता अंगठा टेकवला.
काही बोलली नाही.
कमरेच्या पिशवीतून पोलादाची एक पट्टी काढली,
तळहाताएवढी, दोन दात असलेली,
आणि माझ्या हातात ठेवली.
मी ती ठोकली, तेव्हा रिकाम्या घरात
जो आवाज झाला तो सगळ्या खोल्यांना ऐकू गेला.

मंगळवारी ऑरिन लक्लेअर तपासणीला आला,
कानामागे पेन्सिल, हातात टॉर्च.
अकरा मिनिटांत हिरवा कागद चिकटवून गेला.
मग जिप्सम. मग लांबी. मग रंग.
माझी चूक आणि माझी पट्टी
एकाच भिंतीत.

दोन वर्षांनी, मार्चमध्ये, फोन वाजला.
हेड्डा रुओना, घराची मालकीण, रागावलेली.
नवऱ्याचा फोटो लावायचाय पॅसेजमध्ये,
तीन खिळे वाकले,
"भिंतीत तुम्ही लोकांनी घातलंय तरी काय?"

व्हेल्माने फोन माझ्यापुढे धरला.
तोंड फिरवून हसत होती,
खांदे हलताना दिसत होते.

मी म्हटलं, "बाई, चार बोटं वर ठोका."

अजून तिथेच आहे तो.
येणारे पाहुणे म्हणतात,
फोटो जरा उंच लागलाय.