सांध

इस्पितळाच्या चारी बाजूंनी एक फट आहे,
हातभर रुंद, पुरुषभर खोल.
नकाशात तिला लांबलचक नाव आहे, अभियंत्यांनी दिलेलं.
एलेउतेरियो नुसतंच 'ती' म्हणतो.

अकरा वर्षं त्याचं काम एवढंच:
तिच्यात काही नाही, हे बघणं.

सोपं वाटतं.
पण रिकामी जागा दिसली की माणसाचे हात शिवशिवतात.
स्वयंपाकघरातून फुटके क्रेट येऊन पडतात,
क्ष-किरणवाले जुन्या टेबलांचे पाय
'दोनच दिवस' ठेवतात,
ओतिलियाबाईंनी तर एकदा माती भरून
जेरेनियम लावलं, हौसेनं.
त्यानं ते उपटलं. मुळांसकट, माफी मागत.
बाई वर्षभर त्याच्याशी बोलल्या नाहीत.

एका संचालकांनी विचारलं,
बुजवून का टाकू नये? पेशंट अडखळतात.
एलेउतेरियोनं टोपी काढली.
म्हणाला, डॉक्टर, दोन्हीकडून खेटून निजवलं
तर माणसाला कूस बदलता येत नाही.

खाली बहात्तर रबरी बैठकींवर
चार मजले उभे आहेत,
बाळंतिणी, शवागार, कपडे धुण्याची यंत्रं सगळं धरून.
दर सोमवारी तो विजेरी घेऊन वाकत वाकत आत जातो
आणि एकेकीला हात लावून बघतो,
गाभण गाईच्या पोटाला लावतात तसा.

ऑगस्टमधली रात्र. तीन वाजून चौदा मिनिटं.
मी तिसऱ्या मजल्यावर, पाळीवर.
आधी कुत्री रडली म्हणतात. मी नाही ऐकली.
मी ऐकलं ते कपाटातल्या इंजेक्शनच्या कुप्यांचं
एकमेकींना हळूच लागणं,
आणि मग मजला
दावं सुटलेल्या होडीसारखा निघाला.
गेला.
थांबला.
आला.
पुन्हा गेला, आणखी लांब.
आठ नंबरच्या दोन्या रोसाल्बानं माझं मनगट धरलं,
पोरी, कुठे निघालोय गं आपण?

खाली शस्त्रक्रियागृहात डॉक्टर मिल्यापान
हात जखमेपासून वर धरून
डोळे मिटून अंक मोजत होत्या.
एकशे बारापर्यंत मोजले.
मग टाका घातला.

बाहेर गाव बसलं.
शाळेची भिंत, पावाची भट्टी,
टेकडीखालची मातीच्या विटांची ती आळी,
जिथं घरं एकमेकांना खेटून होती.
एलेउतेरियोचं तिसरं.

उजाडायच्या आत माणसं आली.
उखडलेल्या दारांवर, गाद्यांवर, मासळीच्या हातगाडीवर.
फटीवरच्या लोखंडी पट्ट्या उचकटल्या होत्या
(त्यांनी उचकटावं असंच ठरलेलं होतं),
म्हणून चाकं तिथं येऊन अडत.
आणि तिथं तो उभा,
एक पाय अलीकडे, एक पलीकडे,
प्रत्येकाला खांद्याखाली धरून
गावातून इस्पितळात सांधत.
एकशे सेहेचाळीस. मोजणारी मी.
त्यातली एक त्याची बहीण.
तिलाही त्यानं तसंच उचललं, आणि पुढच्याकडे वळला.

दुपारी आम्ही तळघरात उतरलो.
तिथं एक पत्रा आहे, वर टोकदार सळी:
इमारत हलली की स्वतःच लिहिते.
गिचमिड, लहान मुलानं पेन्सिल घुमवावी तशी.
सगळ्यात लांबची रेघ त्यानं मोजली.
फटीपेक्षा चार बोटं कमी.

पूर्वेच्या कोपऱ्यात एक क्रेट सापडला,
चेपून पुठ्ठ्यासारखा झालेला.
तो त्यानं बराच वेळ हातात धरला.
घराबद्दल तोवर एक शब्द बोलला नव्हता.
आताही नाही बोलला.
म्हणाला, शनिवारी हा कोपरा राहिला माझ्याकडून.

आता मदत येते आहे, ट्रकच्या ट्रक.
पाण्याच्या बाटल्या, घोंगड्या, कुठल्याशा शहरातल्या
मुलांनी पाठवलेली खेळणी.
ठेवायला जागा नाही म्हणून कुणीतरी
रात्रीतून फटीत रचून जातं.
सकाळी तो एकेक खोकं बाहेर काढतो.

आज ओतिलियाबाई आल्या.
काही बोलल्या नाहीत.
दुसऱ्या टोकाकडून काढायला लागल्या.